मागच्या कनातीची गाठ

आमच्या पेडगावात सप्त्याचा मंडप घालणारा तो माणूस मागची कनात कायम सुरगाठीनंच बांधायचा. बांधली की एकदा ओढून, सोडून बघायचा. म्हणायचा, "मालक, पळायची येळ आली तर म्हातारीला बी एका हिसक्यात सुटली पाह्यजे."

यंदा पंगतीत कुत्री शिरायला लागली, म्हणून त्याच्या माघारी मी घट्ट निरगाठी मारल्या. कीर्तनात वायर जळाली, धूर झाला, बाया मागं धावल्या. माझ्या गाठी मलाच सुटेनात. त्यानं धावत येऊन विळ्यानं स्वतःची कनात उभी फाडली. तोवर एक आजी तुडवली गेली होती.

"निरगाठी कुणी मारल्या रे?" गावानं त्यालाच धरलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी गावासोबत त्याच्याकडं पाहत राहिलो.