मयताचा फळा

आमच्या नाक्यावर सगळं होतं. निवडणुकीच्या सभा, लसीकरण, पाणी आलं नाही की धरणं. कुठल्यातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तर बारा महिने असतो, जणू तो माणूस रोज जन्मतो. त्याच फ्लेक्सखाली मयताचा फळा आहे. माणिकपूरच्या आमच्या ख्रिस्ती लोकांत कोणी गेलं की नाव, आळी आणि मातीची वेळ त्यावर खडूने लिहायची. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, तरी फळ्यावर नाव आल्याशिवाय माणूस गेला असं कोणी धरत नाही.

फळा लिहायचे माझे पप्पा, अक्षर चांगलं म्हणून. ते माणसाचं नाव सगळ्यात आधी लिहीत, आडनाव मागून. आमच्यात आडनावं मोजकीच. आडनाव आधी आलं तर अर्ध्या नाक्याला वाटतं, आपल्याच घरातलं कोणी गेलं.

गेल्या पावसाळ्यात पप्पा आयसीयूत गेले आणि खडू माझ्याकडे आला. तेव्हापासून चर्चच्या ऑफिसातून फोन आला की आता पप्पांचंच नाव ऐकायचं, असं वाटायचं. पप्पांचं काही झालं तर हॉस्पिटल आधी मलाच कळवणार, हे कळत होतं. पण भीतीला कुठे अक्कल असते. दुसऱ्याचं नाव ऐकलं की सुटल्यासारखं वाटायचं आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

त्या दुपारी फोनवर सांगितलेलं नाव पप्पांच्या शेजारच्या खाटेवरच्या काकांचं होतं. आमच्याच आळीतले. त्यांच्या मुलाने हॉस्पिटलातून चर्चला कळवलं होतं. घरीही कळवलंच असेल, असं धरून मी नाक्यावर गेले.

काकांची बायको तिथेच बसली होती, वाडीतली केळी आणि अळूची पानं घेऊन. घरी बसून जीव घाबरा होतो म्हणून ती रोज नाक्यावर येऊन बसायची. मोबाईल तिच्याकडे नव्हता. ती एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती, म्हणजे तिला काहीच माहीत नव्हतं.

मी फळा पुसला. मागे रिक्षावाले वाचायला उतरून उभे राहिले. खडू टेकवला, पण नाव लिहवेना. म्हणून मी आळी लिहिली. वळावं, तिला बाजूला न्यावं, एवढं सुचत होतं. पण मी फळ्याकडेच तोंड करून राहिले. मला रडू फुटलं.

पाठीवर हात पडला. केळी तशीच टाकून ती आली होती. तिने आळी वाचली, माझा चेहरा पाहिला आणि मला जवळ ओढलं.

"रडू नको, बाय. सुटला तुझा पप्पा. आमी हाव ना."

ती माझी पाठ थोपटत राहिली. तिला असंच वाटू द्यावं, निदान घरी पोचेपर्यंत, असं मला फार वाटलं. पण मागे सगळा नाका पुढच्या शब्दासाठी थांबला होता.

"मावशी," मी म्हणाले, "पप्पा नाही गेले."

थोपटणारा हात थांबला.