कलकत्ता मी काहून सोडलं

ही गोष्ट आजपर्यंत माह्या तोंडातून बाहेर पडली नाही. पोट्ट्यालेही ठाऊक नाही. जिले सांगायची होती ते शांता, माही बायको, गेली. आता तुम्हीच आईका.

मी फुटबॉल खेळत होतो. डिफेंडर. रायपूरच्या मैदानावरून मले कलकत्त्याच्या एका क्लबानं उचललं — पगारावर! आमच्या गुढियारी मोहल्ल्यातले लोक स्टेशनावर सोडाले आले होते. शांता नवी नवरी, तिले घरी ठेवून गेलो.

डिफेंडरचं काम काय असते? समोरचा बॉल घेऊन अंगावर आला की पाय घालायचा. हटायचं नाही. पयला सीझन मी तसाच खेळलो. मंग एका मॅचमध्ये माह्या बाजूच्या गड्यानं असाच पाय घातला अन् त्याची नडगी मोडली — तो आवाज मी आईकला. त्याच्यानंतर माहा पाय मागं येऊ लागला. आपोआप. मले वाटे, कोणाले दिसत नाही. कोचले दिसलं. "डरता है? घर जा."

म्हणजे मी कलकत्ता सोडलं नाही. मी भेलो — अन् मले काढलं.

त्याच हप्त्यात शांतानं निरोप धाडला होता, तब्येत बरी नाही, एकदा येऊन जा. साधा ताप होता. मी पोचलो, तर दारातच विचारते, "अवो, मधातच कसे आले?"

"तुह्यासाठी," मी म्हटलं. "सोडून आलो सगळं."

तिचं तोंड उतरलं. अन् मले — खोटं काहून बोलू — बरं वाटलं.

मंग रेल्वेत लागलो, मालधक्क्यावर. घरात भांडण झालं की तेच काढायचो — तुह्यापायी कलकत्ता गेलं! भाऊबीजेले गोंदियाले माहेरी जाणंही तिनं बंद केलं. भाऊ घ्याले आला की म्हणे, "यायनं माह्यासाठी एवढं सोडलं, मी यायले टाकून येऊ का रे?" तो इथंच पाटावर बसे, ओवाळून घे, अन् सांजच्या गाडीनं एकटाच जाये. मी बाजूले बसून करंज्या खात होतो. बोललो का काही?

तिच्या तेरावीले पोट्टा पाहुण्यायले सांगे, "बाबा ने मम्मी के लिए कलकत्ता छोड़ दिया था." लोकं माह्याकडे कौतुकानं पाहत. मी पत्रावळीकडे.

आता घर खायले उठते. वाटते, एक घडी तिनं समोर येऊन बसावं. मी खरं सांगावं, तिनं भेकड म्हणावं, शिव्या द्याव्या — पण मले पाहावं. मी जसा आहो तसा. एवढ्या वर्षांत तिनं मले पाहिलंच कुठं?

संधी नव्हती असं नाही. दवाखान्यात शेवटी आम्ही दोघंच होतो. तिनं माहा हात धरला. "माह्यामुळं तुमचं खेळणं राहिलं," म्हणे. "मले माफ करजा."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, "केलं माफ."