उशिराचं कारण

जिल्ह्यातल्या ग्रंथालयांनी एकमेकांना पुस्तकं उसनी द्यायची, ही योजना आमच्या कोल्हापूरच्या ग्रंथालयातून चालते. पुस्तकांचं गाठोडं एसटीच्या पार्सलात जातं आणि वाचून झालं की तसंच परत येतं. हे कसं चाललंय ते तपासून सुधारणा सुचवायचं काम दोन वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं. मी खूश झाले. दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला कधी कंटाळा येत नाही.

मी तक्ता केला. पुस्तक वेळेवर परत आलं की गुण, उशीर झाला की लाल शेरा. 'उशिराचं कारण' असाही एक रकाना आखला, पण तो भरायची तसदी घेतली नाही. कारखान्याच्या वसाहतीतल्या एका ग्रंथालयाला पैकीच्या पैकी गुण पडले. शेवटून पहिलं आलं चंदगड तालुक्यातल्या एका गावचं ग्रंथालय. जूनमध्ये नेलेलं पुस्तक थेट दिवाळीला परत! त्या दिवाळीपासूनच मी त्यांची पुढची मागणी अडवून ठेवली होती. आता नाव योजनेतूनच काढायचं ठरवलं आणि वर चार शब्द सुनवायला ऐन ऑगस्टात एसटीत बसले. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा आमच्या घराण्याचा गुण.

तिथले ग्रंथपाल म्हणजे निवृत्त एसटी कंडक्टर. छत्री मिटायच्या आत मी तक्ता पुढं करून सुरू झाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला.

"म्याडम, हितनं पावसाचं पुस्तक धाडायचं म्हंजे पापड धाडल्यागत हाय की. जलमभर कंडक्टरी केली न्हवं? पार्सल कुठं भिजतंय ते मला ठावं हाय. भिजवून धाडू का उशिरा धाडू, तुमीच सांगा."

कोपऱ्यात पत्र्याचं पिंप होतं. तळाला ओल शोषायला कोळसा, वर प्लास्टिकात गुंडाळलेली गावची स्वतःची पुस्तकं. एकालाही बुरशी नव्हती. आमच्याकडून नेलेलं पुस्तकही असंच घरटी आठ दिवस फिरायचं आणि पुन्हा पिंपात यायचं. एका पुस्तकावर अख्खी गल्ली पावसाळा काढायची आणि माझ्या तक्त्यात वाचक एक.

"मग कळवायचं नाही का?" मी उसनं अवसान आणून म्हटलं.

"कारणाचा रकाना हाय की तुमच्या कागदात. इचारलं कुणी?"

एवढ्यात शेजारच्या किराणा दुकानातल्या बाई आत आल्या. "कोल्लापूरच्या बाई तुमीच व्हय? दुसरा भाग कवा येणार?"

त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, डोळे गेलेले. गेल्या पावसाळ्यात या बाईंनी त्यांना एका कादंबरीचा पहिला भाग रोज दुपारी वाचून दाखवला होता. नायिका घर सोडून निघते तिथं तो संपला. तेव्हापासून सासूबाईंचा एकच धोशा, पुढं काय झालं?

"शेवटी मीच रचून सांगाय लागले बाई. पर आत्याबाईंना कळतंय. म्हणत्यात, ह्ये तुझं हाय, पुस्तकातलं आण. वाट बघाय मला येळ न्हाय."

दुसरा भाग माझ्याच कपाटात होता, माझ्याच हातची 'अडवून ठेवणे' ही चिठ्ठी लावून. मला इतकी लाज वाटली की चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुहेरी प्लास्टिकात बांधून तो भाग चंदगडच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात दिला आणि सीटजवळच ठेवायची शपथ घातली. मग नाव काढायची शिफारस फाडली. पावसाळी तालुक्यांना मुदत दिवाळीपर्यंत, आणि गुण किती घरांत वाचलं त्यावर, असा नवा तक्ता केला. वसाहतीतल्या त्या पहिल्या नंबराच्या ग्रंथालयाकडून आलेलं गाठोडंही सहज पाहिलं. आमची सुतळी, आमचीच गाठ. कुणी सोडलीच नव्हती.

दुसरा भाग परत आला तो दिवाळीही उलटून गेल्यावर. आत वहीच्या कागदावर बाईंचं अक्षर होतं:

'आत्याबाईंनी शेवट ऐकला. आवडला नाही, सुनेचाच बरा होता म्हणाल्या. खूप हसल्या. त्यानंतर आठ दिवसांनी गेल्या. घरात कार्य असल्यामुळे पुस्तक द्यायला उशीर झाला, माफी असावी.'

चिठ्ठी वाचून मी टेबलाशीच रडले. मग तक्ता काढला. 'उशिराचं कारण' या रकान्यात मी लिहिलं, 'आमच्याकडून.'