एकशे साठ ग्रॅम

माझी नोकरी दुसऱ्यांचे काटे तपासण्याची. वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. जळगावच्या बाजारात मी शिरलो की भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सगळ्यांना आपापला काटा एकदम पुसायची आठवण होते. घरीही माझा स्वभाव सुटत नाही. बायको म्हणते, तुम्ही पोळीसुद्धा हातात तोलून खाता. अशा माणसाकडे घाट चढायची हलकी सायकल बनवायचं काम दिलं तर तो काय घोळ घालेल, हे खरं तर घरच्यांनी आधीच ओळखायला हवं होतं.

सायकल माझ्या मोठ्या बहिणीसाठी होती. आम्ही मूळचे अमळनेर तालुक्यातले, घरात अहिराणी बोलणारे. अक्का लग्नानंतर धुळ्याला गेली, देवपुरात राहते आणि सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. एकोणीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात. तापानं फणफणलेलं पोर तिच्या मांडीवर दिलं की ते दोन मिनिटांत गप्प होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्रेपन्नाव्या वर्षी तिला चिकुनगुनिया झाला. ताप आठवड्यात गेला, सांधे मात्र आठ महिने धरून बसले. सकाळी पलंगावरून उठताना ती भिंतीला धरायची. वॉर्डातल्या नव्या मुली प्रेमानं तिला 'बसा ना मॅडम' म्हणायच्या आणि तेच तिला लागायचं.

गुडघे मोकळे व्हावेत म्हणून डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली. तिनं लेकीची जुनी सायकल बाहेर काढली. आधी कॉलनीत, मग नदीच्या पुलापर्यंत, मग हायवेनं लळिंगच्या चढापर्यंत. वर्षभरात ती अशी काही तयार झाली की एका रविवारी मी तिच्याबरोबर गेलो आणि मला तिच्या सायकलचं मागचं मडगार्डच तेवढं दिसत राहिलं. त्या दिवशी चहा पिताना ती एकदम म्हणाली, "भाऊ, पाय न टेकता कन्नडना घाट चढी गऊ, ते आखो पाच वरीस नोकरी करसू. नहीतं मंग सोडी दिसू."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, वॉर्डात एखादं पोर अचानक निळं पडायला लागतं, तेव्हा धावावं लागतं. मी मागे पडले तर त्याची किंमत ते पोर देईल. माझ्या अंगात जीव उरलाय की नाही, ते मला कळायला पाहिजे. ते वॉर्डात शोधायचं नाही, घाटात शोधायचं.

म्हणजे चाळीसगावकडून वर चढणारा तो घाट ही तिची परीक्षा होती, आणि तिची नोकरी त्यावर ठरणार होती. हे मला पहिल्या दिवसापासून स्वच्छ माहीत होतं. म्हणूनच पुढे मी जे केलं त्याला अज्ञान म्हणता येत नाही.

"लेकीच्या सायकलवर घाट होणार नाही, मी तुला हलकी सायकल बनवून देतो," असं मी छाती फुगवून सांगितलं. चार महिने मला दुसरं काही सुचलं नाही. सांगाडा कार्बनचा घेतला, तिच्या उंचीचा. मग एकेक भाग. हँडल, सीटचा दांडा, चाकं, टायर, ब्रेक. मी इंटरनेटवर वजनं वाचायचो आणि त्यावर माझा विश्वास बसायचा नाही, कारण दुसऱ्यानं सांगितलेलं वजन मानायचं नाही हीच माझी भाकरी. मग मी प्रत्येक भाग पिशवीत घालून सराफ बाजारात न्यायचो. तिथं एका ओळखीच्या सराफाकडे काचेच्या पेटीतला काटा होता, दरवर्षी मीच तपासलेला. निरीक्षकाला नाही म्हणण्याची त्याची काय बिशाद! मंगळसूत्र बघायला आलेल्या बायका थांबायच्या आणि मी काट्यावर सायकलचं पेडल ठेवायचो. सराफ बिचारा गिऱ्हाइकांना सांगायचा, "साहेबांचं काही सरकारी काम आहे."

मी ठरवलं होतं, सायकल आठ किलोच्या आत बसवायची. का आठ? काही कारण नाही. आठच्या आत आहे, असं चार लोकांत सांगायला बरं वाटतं म्हणून. स्क्रू बदलले. बाटलीची जागा एकच ठेवली. घंटी काढली, तेव्हा अक्का फोनवर म्हणाली, "तू सायकलनं वजन कमी करी राहिना का मनं? मी दोन भाकरी कमी खासू, पण घंटी ऱ्हाऊ दे." मी घंटी दिली नाही. स्वतःच्या पोटावर पाच किलो जास्तीचे घेऊन मी तिच्या घंटीचे ग्रॅम मोजत होतो.

शेवटी प्रश्न उरला गिअरचा. मागच्या चाकाला दातेरी चकत्यांचा जो गठ्ठा असतो, त्यातली सगळ्यांत मोठी चकती जितक्या जास्त दातांची, तितका चढ सोपा. पेडल हलकं फिरतं, सायकल हळू जाते, पण पाय थांबत नाहीत. माझ्यासमोर दोन गठ्ठे होते. एकात मोठी चकती पंचवीस दातांची, दुसऱ्यात चौतीस दातांची. चौतीसचा गठ्ठा जड. त्याला साखळी ताणून धरणारा मागचा गिअर लांब दांडीचा लागतो, साखळीही थोडी लांब. काट्यावर सगळा फरक निघाला एकशे साठ ग्रॅम. वाटीभर तुरीच्या डाळीएवढा.

जोडणी देवपुरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे केली. त्यांना सगळे नाना म्हणतात. त्यांनी पंचवीसच्या चकतीवर अंगठा फिरवत दात मोजले आणि माझ्याकडे पाहिलं. "कोणासाठी शे ही?" मी सांगितलं. ते म्हणाले, "ताईले मागे चौतीस दात लागतीन. पंचवीसवर घाट नही व्हनार." मी त्यांना गणित समजावलं. सायकल पंचवीसवर सात किलो नऊशे वीस होते, चौतीसवर आठ किलो ऐंशी. नानांनी ऐकून घेतलं. "घाट किलोमा नही मोजतस भाऊ," एवढं म्हणून त्यांनी पाना उचलला.

थंडीतल्या एका रविवारी पहाटे गाडीच्या टपावर सायकल बांधून आम्ही चाळीसगावला गेलो. घाटाच्या पायथ्याशी अक्का सायकलवर बसली. मी गाडी घेऊन तिच्या मागे. पहिली तीन वळणं ती सुरेख चढली. चौथ्यानंतर तिचे पाय जड पडायला लागले. तिनं गिअर टाकायचा प्रयत्न केला. त्याहून हलका गिअरच नव्हता. तो खटका रिकामा दाबल्याचा आवाज मला उघड्या खिडकीतून ऐकू आला, दोनदा, तीनदा. ती उभी राहून चालवायला लागली. सायकल डावी-उजवीकडे हलत होती. एका वळणावर माकडं कठड्यावर बसली होती, तिथं तिचा पाय खाली टेकला.

मी धावत गेलो. तिला दम लागला होता, पण छाती ठीक होती, चेहरा ठीक होता. ती दोन्ही हातांनी गुडघे चोळत होती. मला म्हणायचं होतं की अक्का, हा माझा दोष आहे, तुला लागणारा गिअर मी बसवलाच नाही. शब्द अगदी तोंडात आले होते. तेवढ्यात तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे भाऊ. मना पायच थकी ग्यात. तुनी सायकल चांगली शे."

आणि मी गप्प बसलो. सायकल चांगली शे, हे ऐकून मला त्या क्षणी बरं वाटलं. आज लिहितानाही लाज वाटते, पण बरं वाटलं.

घरी आल्यावर मी स्वतःची समजूत घातली. उन्हाळ्याआधी पुन्हा जाऊ, तोवर गुपचूप चकती बदलू, सांगायची गरजच पडणार नाही. अक्कानं नोकरीचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. मला वाटलं, ती विसरली. दोन महिने असेच गेले. मग एका दुपारी ती फोनवर भाजीचं बोलावं तसं म्हणाली, "भाऊ, मी स्वेच्छानिवृत्तीना अर्ज दी टाका. घाटवरून उनू त्याच हप्तामा. पुढला महिनामा सुटसू."

म्हणजे मी घाटात गप्प बसलो त्याच आठवड्यात तिनं अर्ज दिला होता. मी ऑफिसमधून निघालो तो थेट स्टँडवर गेलो आणि धुळ्याची बस पकडली. अख्ख्या वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होतो. पारोळ्याला शेजारचा माणूस उतरला, दुसरा बसला, मला दोघांचेही चेहरे आठवत नाहीत.

अक्का ओट्यापाशी कळण्याच्या भाकरीचं, ज्वारी-उडदाचं पीठ मळत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पंचवीस दात, चौतीस दात, नानांनी काय सांगितलं होतं, मी का ऐकलं नाही, आणि घाटात तू पाय टेकलास तेव्हा मला सगळं कळत होतं. तिचे हात पिठात थांबले. तिनं वर पाहिलं नाही.

"ते खटका मी दाबी राहिंतू, ते काहीच व्हई नही राहिंतं, ते त्याच्यामुळे?"

"हो."

"मंग तवय काबरं नही सांगं?"

मी म्हणालो, मला आठ किलोच्या आत बसवायची होती. यापेक्षा मूर्ख वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन. तिनं भाकरी थापली, भाजली, मला वाढली. स्वतः जेवली नाही. मी हात धुतल्यावर म्हणाली, "लाव ती मोठी चकती."

नानांनी दुसऱ्याच दिवशी चौतीसचा गठ्ठा, लांब गिअर आणि नवी साखळी बसवली. मला एका शब्दानं टोचलं नाही. मी घंटीही लावायला सांगितली. नंतर सायकल तोलली नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा पायथ्याशी होतो. या वेळी ती हळू चढली, इतकी हळू की एक म्हातारा गुराखी थोडा वेळ तिच्या बरोबरीनं चालत राहिला आणि तिच्याशी गप्पा मारत होता. पण पाय फिरत होते. माकडांचं वळण गेलं. त्याच्या वरची वळणं गेली. मी गाडीत बसून देवाचं नाव घेत होतो, आणि मी काही फार देवभोळा माणूस नाही. माथ्यावर पोचल्यावर ती सायकलवरून उतरली, सायकल कठड्याला टेकवली आणि खाली चाळीसगावकडच्या सपाट रानाकडे बघत बसली. मी आनंदानं ओरडलो. तिचे डोळे भरले होते. तिनं रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "दोन महिना तू मले म्हातारी करी टाकं."

मी तिथंच, रस्त्यावर, तिच्या पायाला हात लावला. तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि पाणी मागितलं.

सोमवारी तिनं अर्ज मागे घेतला. मुदत उरली होती, वरच्या साहेबांनी लगेच सही केली, नोकरी राहिली. पण ती जाणार म्हणून मुलांच्या वॉर्डाचा चार्ज आधीच दुसऱ्या सिस्टरला दिला होता. ती नवी सिस्टर हुशार आहे, मन लावून काम करते, तिला हलवा असं अक्का कोणाला सांगणार नव्हती. अक्काला बाह्यरुग्ण विभागात इंजेक्शनच्या खोलीत टाकलं. रांगेतला माणूस येतो, बाही वर करतो, सुई घेतो, जातो. कोणाचं नावसुद्धा विचारायला वेळ नसतो.

मागच्या महिन्यात मी धुळ्याला गेलो तेव्हा तिची ड्युटी सुटायला अवकाश होता. मी दवाखान्याच्या आवारात उभा राहिलो. ती बाहेर आली ती सरळ फाटकाकडे आली नाही, मुलांच्या वॉर्डाच्या बाजूनं वळसा घालून आली. मी विचारलं, अक्का, अजून राग आहे का माझ्यावर?

"राग नही रे भाऊ," ती म्हणाली. "पण त्या पोरेसनी याद येस."