फक्कीबाई आणि बिनभिंतींची घरं

फक्कीबाई पहिल्यांदा माझ्यावर ओरडल्या त्या मी भिंतीतून चालत गेले म्हणून. भिंत कुठंच नव्हती. कॉलेजमागच्या मैदानावर पांढऱ्या फक्कीची एक रेघ होती आणि ती ओलांडून मी कँटीनकडे निघाले होते. "ए, भूत आहेस का तू?" मागून आवाज आला. "माणसं दारातून जातात. दार तिकडं आहे, वळ मागं!" मी मुकाट वळले, नसलेल्या दारातून बाहेर पडले. "लावून घे, कुत्री येतात," असं म्हटल्यावर नसलेलं दार लावूनही घेतलं.

फक्की म्हणजे बांधकामाच्या जागेवर आखणीसाठी टाकतात ती पांढरी पूड. आमच्या विद्यापीठात कला, डिझाइन आणि आर्किटेक्चर असं तिन्हींचं मिळून एक स्कूल होतं. तिथले बाकीचे सर लोक आमचे नकाशे कागदावर लाल पेन्सिलीनं तपासायचे. फक्कीबाई तो नकाशा उचलायच्या, मैदानावर खऱ्या मापात फक्कीनं आखायच्या आणि ज्यानं काढला त्याला त्यात राहायला लावायच्या. "कागदावर सगळ्यांचाच संसार सुखाचा असतो," असं त्यांचं म्हणणं. बाईंचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं, आणि त्यांच्या प्रत्येक कुर्त्यावर कुठं ना कुठं पांढरा पंजा उमटलेला असायचा.

आमच्या वर्गात फैजान होता. त्याच्या अब्बांचं पिंपळे गुरवला गॅरेज. पठ्ठ्यानं हॉल एवढा ऐसपैस काढला की स्वयंपाकघराला उरली बोळकांडी. बाईंनी त्याला त्यात उभं केलं. "लाट पोळ्या."

"मॅडम, मला पोळ्या येत नाहीत."

"तुला स्वयंपाकघरही काढता येत नाही, तरी काढलंस ना? लाट!"

फैजान हवेत लाटणं फिरवू लागला आणि त्याचं कोपर रेघेबाहेर आलं. "गेलं कोपर शेजाऱ्यांच्या देवघरात! माफी माग त्यांची." शेजारी मी होते. फैजाननं हात जोडले, मी तोंडानं घंटा वाजवली, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं स्वयंपाकघर दुप्पट झालं.

या घरांना सामान डिझाइनवाल्यांचं असायचं. त्यांच्या प्रयोगातल्या डुगडुगत्या खुर्च्या आम्ही उचलून आणायचो. चित्रकलेची पोरं आमच्याहून वात्रट. आम्ही जेवायला गेलो की येऊन खिडकीत फक्कीनं एक डोकावणारी सासू काढून जायची. बाईंनी ती कधी पुसू दिली नाही. "असू दे. तिलाही जागा लागतेच की."

एकदा आमचे संचालक बाहेरच्या पाहुण्यांना कॅम्पस दाखवत थेट त्या मैदानातून आले. सगळे सुटाबुटात. बाई जागच्या हलल्या नाहीत. "सर, तुम्ही न्हाणीघरात उभे आहात," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "आणि आत माणूस आहे." आत आमच्या वर्गातला एक पोरगा उकिडवा बसून डोक्यावर हवेतले तांबे ओतत होता. पाहुणे चक्क "सॉरी" म्हणून मागे सरले. संचालकांनी नंतर बाईंना बोलावून घेतलं म्हणे, पण मैदान काही बंद झालं नाही.

बाई राजगुरुनगरहून स्कूटरवर यायच्या. उशीर झाला की म्हणायच्या, "चाकणच्या चौकात अडकले होते. तिथं उभं राहिलं की तुमचेच प्लॅन आठवतात गं. माणसं कशी अडकतात ते कळतं."

तर अशा बाईंना मी एकदा आमच्या घरी बोलावून घेतलं. झालं असं की मी चौथ्या वर्षाला असताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घर बांधायला काढलं. आम्ही चऱ्होलीचे जुने शेतकरी. चारी बाजूंनी सोसायट्या उठल्या आणि मधे आम्ही पत्र्याखाली. मी हट्ट धरला, नकाशा माझा. अण्णा म्हणाले, "तू अजून शिकतीस. शिकाऊ डॉक्टरकडनं कुणी आपरेशन करून घेतं व्हय?" शेवटी कसेबसे कबूल झाले की पसंत पडला तर तुझा, न्हाई तर ठेकेदाराचा. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. बापानंच नाकारलेल्या पोरीला गावात पुढं कोण काम देणार? म्हणून मी अण्णांना आवडेल असंच सगळं काढलं. रस्त्याच्या बाजूला त्यांची मोठ्ठी बैठक, मागं स्वयंपाकघर. अण्णांनी कागद हातात घेतला, उलटा. "बरा हाय," म्हणाले आणि टीव्हीवर ठेवून दिला.

रविवारी सकाळी बाई फक्कीचं पोतं घेऊन आमच्या जागेवर हजर. दोघींनी घर आखलं. गल्ली गोळा झाली. अण्णा कडक इस्त्रीत आले ते सरळ रेघ ओलांडून.

"अण्णा, भिंत आहे ती!" बाई ओरडल्या.

अण्णांना त्यांच्याच रानात वाट दाखवायची कुणाची टाप नव्हती. पण गल्ली हसली, तसे ते गुमान वळसा घालून दारातून आत आले आणि बैठकीत खुर्चीवर बसले. चार शेजारी पाहुणे म्हणून बसले, गप्पा सुरू झाल्या. आई मागं स्वयंपाकघरात उभी होती. एका शेजाऱ्यानं काहीतरी मजेशीर सांगितलं आणि आईसुद्धा तिथूनच हसली.

"वहिनी," बाई म्हणाल्या, "तुमच्यापुढं भिंत आहे. तुम्हाला ते दिसत नाहीत. पाठ फिरवा."

आईनं पाठ फिरवली. समोर सोसायटीची उंच कंपाउंड वॉल. इकडं हशा चालू, "चहा आणा" चालू, आणि आई त्या भिंतीकडं तोंड करून उभी. मग वळून सगळ्यांदेखत म्हणाली, "मला न्हाई राहायचं या घरात."

अण्णा मांडीवर थाप मारून उठले. "झालं! लावा ठेकेदाराला फोन." मला वाटलं बाई माझी बाजू घेतील. छे! त्या आईलाच विचारत होत्या, "मग कुठं राहाल?"

आई चालत आली ती थेट बैठकीत, अण्णांच्या खुर्चीशी. "हितं. ओटा हितं. मला बी येणारंजाणारं दिसू द्या की."

"आन् माझी बैठक?"

"मागं."

गल्लीत कुणीतरी शीळ घातली. अण्णा लालबुंद. "रस्त्याला चूल? लोकं काय म्हणतील? आन् वास्तुशास्त्रात तरी बसंल का?" बाईंनी उन्हाकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. "ही आग्नेयच आहे, अण्णा. झकास बसतंय." मग फक्कीचं घमेलं माझ्या हातात दिलं. "आता घर कुणाचं ते तू ठरव. मार रेघ."

आईच्या बाजूनं रेघ मारावी तर घर हातचं जाणार. न मारावी तर आई जन्मभर त्या भिंतीकडं बघणार. पायानं मी बैठक पुसली आणि तिथं ओटा आखला. अण्णा त्या रेघेपाशी आले आणि ती न ओलांडता वळसा घालून दारातून बाहेर पडले. शेवटी ठेकेदाराला फोन लावलाच, पण म्हणाले, "नकाशा घरचाच हाय. तू फक्त गवंडी पाठव."

मागच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाला शाल, नारळ, भाषणं सगळं झालं. शेवटच्या दिवशी आळंदीकडून वाट वाकडी करून आमच्याकडं आल्या आणि ओट्याशेजारी बसून आईशी तासभर बोलल्या. मला निघताना म्हणाल्या, "आता दुसऱ्यांची घरं काढशील तेव्हा आधी गप्प बसलेल्या माणसाला विचार." स्कूटर वळणाआड गेली आणि मी भर रस्त्यात रडले. रडू आलं, काय करणार! आज प्रत्येक कामाला मी फक्की घेऊन जाते आणि लोक मलाही वेडी म्हणतात.

अण्णांच्या बैठकीत आता कांदे पसरलेले असतात, कारण अण्णा आणि त्यांचे पाहुणे सगळे ओट्यापाशीच बसतात. रस्त्यानं जाणारं कुणी ना कुणी खिडकीशी थांबतं. "काकू, घर झ्याक झालंय. नकाशा कुणी काढला?"

"म्या," आई सांगते. "रेघा तेवढ्या हिनं मारल्या."

मी मागं लसूण सोलत असते. पाच वर्षं घासून आर्किटेक्ट झालेली बाई मी, जिभेवर उत्तर येतं. पण आई आयुष्यात पहिल्यांदा कशाला तरी आपलं म्हणतेय, तिला मी कशाला अडवू?