बोल्ट नसलेली बंदूक

नोकरीत जप्त केलेली बहुतेक शस्त्रं आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेली आहेत. एक मात्र अजून वेगळं उठून दिसतं, कारण ती बंदूक चालूच शकत नव्हती.

मी लहानपणी वडिलांच्या नोकरीमुळे जर्मनीत आलो आणि इथल्याच पोलीस खात्यातून निवृत्त झालो. ही घटना माइन नदीकाठच्या एका गावातली, माझ्या सेवेच्या शेवटच्या काही वर्षांतल्या एका हिवाळ्यातली. सकाळी ठाण्यात एका बाईचा फोन आला. तिने नाव सांगितलं नाही. तुटक जर्मनमध्ये एक पत्ता दिला आणि म्हणाली, "त्या घरात बंदूक आहे. आजच तपासा. उद्या नको."

निनावी फोनमागे बहुतेक वेळा शेजाऱ्यांचं भांडण असतं. पण भांडणारा माणूस 'उद्या नको' म्हणत नाही. शस्त्र परवाना कार्यालयाला कळवून मी, माझा जर्मन सहकारी आणि तिथला एक अधिकारी निघालो.

दार एका मराठी इंजिनिअरने उघडलं. वय पंचेचाळीसच्या आसपास. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे, आज घरूनच काम आहे, असं त्याने सांगितलं. नेमबाजी क्लबचा तो जुना सभासद. नावावर एकच शस्त्र: दुसऱ्या महायुद्धातल्या सबमशीनगनची सेमी-ऑटोमॅटिक आवृत्ती. दिसायला तशीच, पण खटका एकदा ओढला की एकच गोळी सुटणारी. परवाना चालू होता. पोलादी कपाट नियमाप्रमाणे होतं आणि त्याचा आकडा फक्त त्यालाच ठाऊक होता.

त्याने कपाट उघडलं. बंदूक होती, गोळ्या होत्या. बोल्ट नव्हता. गोळी नळीत ढकलणारा हा लोखंडी भाग. तो नसेल तर बंदूक निकामी. जर्मन कायद्यात मात्र तो सुटा भागही शस्त्रासारखाच धरतात, आणि हरवला तर लगेच कळवावं लागतं.

परवाना अधिकारी दचकला. मालक दचकला नाही.

ठाण्यात त्याचे हक्क सांगून आम्ही जबाब सुरू केला. "क्लबमध्ये राहिला असेल," तो म्हणाला. क्लबला विचारलं, तर तो उन्हाळ्यापासून तिकडे फिरकलाच नव्हता. मी नोकरीचं पुन्हा विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "ऑगस्टमध्येच गेली. बायकोला सांगू नका."

दरम्यान सहकारी बंदूक न्याहाळत होता. "गंज," तो म्हणाला. नेम धरायच्या मागच्या खाचेत तांबडं काहीतरी होतं. मी जवळून पाहिलं. माझी आई दर खंडेनवमीला वडिलांच्या पान्यांना आणि स्क्रूड्रायव्हरना जे लावायची, तेच होतं ते. कुंकू.

म्हणजे बंदूक ऑक्टोबरमध्ये कपाटाबाहेर, पाटावर होती. आणि पूजेच्या वेळी तो एकटा नसणार.

त्याची बायको फ्रँकफुर्टला नोकरी करत होती. तिला बोलावलं. ती ऑफिसातून थेट आली, हातात डब्याची पिशवी घेऊन. माझं आडनाव वाचून ती मराठीत बोलू लागली. सहीच्या जबाबासाठी आम्ही नंतर शपथबद्ध दुभाषी बोलावला.

"खंडेनवमीची पूजा कोण करतं?" मी विचारलं.

"मीच. वर्षातून तेवढं एकदाच ते कपाट माझ्यासमोर उघडतं. पूजेआधी हे बोल्ट काढून बंदूक पुसतात, तेव्हा मी बघत असते."

"आणि पूजा झाल्यावर?"

"सासूबाईंचा फोन आला. हे बोलत बोलत बाल्कनीत गेले." तिने पिशवी टेबलावर ठेवली, पोळीभाजीचा डबा बाजूला काढला आणि त्याखालून ओढणीत गुंडाळलेला बोल्ट काढला.

"म्हणजे," सहकारी सावकाश म्हणाला, "हे घेऊन ती पोलीस ठाण्यात आली?"

साक्षीदार म्हणून आलेली ती बाई त्या क्षणी आरोपी झाली. मी तिला थांबवलं आणि गप्प राहण्याचा हक्क समजावून सांगितला.

"गप्पच तर राहिले होते, काका," ती म्हणाली. "नोकरी गेल्याचं मला आधीच कळलं होतं. ते सांगेनात, म्हणून मीही विचारलं नाही. मग खंडेनवमीच्या आधी एकदा मला विम्याचं सगळं समजावलं. बँकेचे पासवर्ड दिले. हिवाळी टायर कुठे बदलायचे, ते दाखवायला घेऊन गेले. मी म्हटलं, तुम्ही आहात ना? त्यांनी पावती माझ्या हातात दिली."

"हे रोज जवळ का बाळगलंत?"

"त्यांनी सगळं घर उपसलं. ठेवू कुठे?"

"आणि आज सकाळी ठाण्यात फोन का केलात?"

"काल त्यांनी शोधणं थांबवलं. पोटभर जेवले. मला त्याची भीती वाटली."

मी बोल्ट पुराव्याच्या पिशवीत घालून नवऱ्यासमोर ठेवला. हा नाही, हे कधी लक्षात आलं, असं विचारलं. तो पहिल्यांदाच मराठीत बोलला.

"गोळ्या भरायला बसलो तेव्हा."

मग तोच पुढे सांगू लागला.

"मग शोधत होतो. ही म्हणाली, अहो, काय शोधताय? म्हटलं, चष्मा." त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा असाच घातलेला होता. तरी ती काही बोलली नाही."

त्याच दिवशी डॉक्टरांना बोलावलं. तो स्वतःहून रुग्णालयात गेला. कित्येक आठवडे तिथे होता. परवाना रद्द झाला, बंदूक नष्ट करण्यासाठी गेली. बायकोवरचा खटला सरकारी वकिलांनी पुढे चालवला नाही. तो माणूस पूर्ववत झाला का, हे मला माहीत नाही. पोलिसांना बहुतेक गोष्टींचा शेवट कळत नाही.

वस्तू हरवली की तपास अधिकारी आधी 'कोणी नेली' विचारतो. या प्रकरणानंतर मी त्याआधी 'ती कोणाला, कशासाठी हवी होती' हे विचारू लागलो. आणखी एक गोष्ट कळली. आपल्या माणसांत घरचं दुःख दाराबाहेर जाऊ न देणं हा संसाराचा भाग समजतात. त्या घरात ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीतही जात नव्हतं.

त्या संध्याकाळी जबाबावर सही करण्याआधी तिने विचारलं, "गुन्हा काय लावलात?"

"परवान्याशिवाय शस्त्राचा भाग बाळगणं."

"कधीपासून?"

"खंडेनवमीपासून आजपर्यंत, असं लिहिलंय."

तिने ती ओळ पुन्हा वाचली आणि सही केली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "बोल्ट एक दिवससुद्धा घरी ठेवला नाही."