मागून कोण ‘हं’ म्हणतंय?

या सदरातले अनुभव वाचताना मी आजवर एकच काम करत आलोय — यात कुठं फेकलंय ते शोधायचं. अमावस्या, पांढरी साडी, पैंजणांचा आवाज... वाचायचं, हसायचं आणि मित्रांना पाठवायचं. त्यामुळं मी स्वतःच इथं लिहायला बसलोय हे त्या मित्रांना कळलं तर माझी काही खैर नाही. असू दे. माझ्या गोष्टीत अमावस्या नाही, साडी नाही, भीती तर अजिबात नाही. आहे तो नुसता डोक्याला ताप.

मी केजचा, बीड जिल्हा. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे आणि वरच्या खोलीत मी एक पॉडकास्ट रेकॉर्ड करतो — ‘पोटापाण्याचं बोला’. वेगवेगळ्या धंद्यातली माणसं बोलवायची आणि त्यांच्या कामाबद्दल त्यांना बोलतं करायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? आवाज घुमू नये म्हणून मी भिंतींना आईच्या वाकळा-गोधड्या टांगल्यात, त्यावरून रोज बोलणी खातो. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, खिडकी बंद, बाहेर मे महिना. पाहुणा घामानं निथळतोय आणि आपण हसून विचारायचं, ‘या लाईनमध्ये कसे आलात?’ तेवढ्यात खाली कुकरची शिट्टी. कुकर थांबला की भंगारवाला. भंगारवाला गेला की लाईट जाते.

माझा शाळेपासूनचा दोस्त सादिक आवाजाची बाजू बघतो. त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, त्यामुळं वायरी, माईक हे सगळं त्याच्याकडं.

तर हे सगळं सुरू झालं बोअरच्या गाडीवरच्या एका ऑपरेटरपासून. तो सांगत होता, “पाणी न्हाई लागलं की नुसता धुरळा निघतो बगा. मालक खुर्ची टाकून समोरच बसलेला असतो. तवा आमी त्याच्याकडं बगतच न्हाई...” आणि तो गप्प झाला. एडिटिंगला बसलो तेव्हा त्या गप्प राहण्यात मला स्पष्ट ऐकू आलं — “हं...”

घाबरवणारं नाही हो. कुणी काही सांगत असलं की ऐकणारं मोठं माणूस म्हणतं ना, ‘चालू दे, ऐकतोय मी’ अशा अर्थानं, तसलं साधं हं. बाप्याचा आवाज. मी नव्हतो, ऑपरेटर नव्हता. मग राहिला कोण?

“सादिक, मधी कावून हं म्हणलास बे?”

“मी? आरं मी तोंडात मावा धरून बसलतो. हं म्हणाया तोंड कुठं रिकामं होतं?”

माईक बदलला. वायर बदलली. सादिकला खाली नेऊन बसवलं, तो रुसला. पुढच्या रेकॉर्डिंगला मी स्वतःच्या तोंडावर रुमाल बांधला, पाहुण्याला वाटलं मला सर्दी झालीय. तरी हं होतंच. आणि गंमत बघा, माझा माईक वेगळा, पाहुण्याचा वेगळा; पण हं दोन्हींवर अगदी सारखं यायचं, कुणीतरी आमच्या दोघांच्या बरोब्बर मधे बसल्यासारखं. खोलीत मात्र कुणालाच काही ऐकू यायचं नाही. हेडफोन लावून बसलेल्या मलासुद्धा नाही. नंतर फाईल लावली की हजर!

मग काय, दर भागातून ते हं शोधून कापत बसायचं हा माझा नवा उद्योग झाला. ते यायचं पण नेमकं कुठं? पाहुणा सांगता सांगता अडखळला की. आणि त्या हं नंतरच पाहुणा खरं काय ते बोलायचा. एक नर्सबाई आल्या होत्या. जीपमध्ये एकटीनं केलेल्या पहिल्या बाळंतपणाचं सांगताना त्या मधेच थांबल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या पुढं बोलत राहिल्या आणि शेवटी डोळे पुसून मला म्हणाल्या, “सर, तुमी लई चांगलं ऐकता. असं कुणी ऐकत न्हाई.” मी तेव्हा रेकॉर्डरची बॅटरी किती राहिलीय ते बघत होतो. फाईलमध्ये त्यांच्या थांबण्याच्या जागी हं होतं, हे वेगळं सांगायला नको.

आता आमच्या अण्णांबद्दल. अण्णा म्हणजे माझे वडील. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडत दुकानावर ते लिलाव पुकारायचे. सोयाबीन असो, तूर असो, हरभरा असो, ढिगाजवळ उभं राहून भाव चढवायचा तो अण्णांनीच. त्यांचा आवाज मोंढ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. घरात मात्र माझ्यासाठी त्यांची दोनच वाक्यं — “जेवलास का?” आणि “कामाचं काय झालं?” माझा पॉडकास्ट त्यांच्या लेखी काम नव्हतंच. “लोकं काम करत्यात आन् तू त्येंचं काम ऐकत बसतूस. ह्याला धंदा म्हणत्यात व्हय?” वरच्या खोलीत ते कधी पाऊल टाकायचे नाहीत. मी काही सांगायला लागलो की त्यांना नेमकी चप्पल सापडायची, की निघाले बाहेर.

दिवाळीनंतर अण्णांचा आवाज बसला. पुकारून पुकारून बसला असेल म्हणून आईनं काढे पाजले. बसला तो बसलाच. शेवटी लातूरला दाखवलं. स्वरयंत्रात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, माणूस वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. पुन्हा बोलता येणार नाही.

मला तेव्हा एकच सुचलं. अण्णांचा आवाज जाण्याआधी तो रेकॉर्ड करायचा. कसाही असो, घोगरा असो, पण असू दे आपल्याजवळ. अख्ख्या तालुक्यातल्या माणसांचे आवाज माझ्या लॅपटॉपमध्ये आणि बापाचा नाही, हे मला सहन होईना. अण्णांना म्हणालो, तर ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “माझ्या आवाजाचं लोणचं घालायचंय का?”

“अण्णा, एकदाच बसा. हात जोडतो.”

“मोंढ्यात रोज वरडत हुतो. तवा ऐकाया आलास का कदी?”

आईनं मधे पडून त्यांना कसंबसं तयार केलं. वर येणार नाही म्हणाले, म्हणून माईक खाली ओसरीवर नेला. विचारलं, “अण्णा, तुमच्या कामाबद्दल सांगा.” ते माईककडं बघत बसले. बघतायत, बघतायत... मग म्हणाले, “चालू हाय का हे?” मी म्हणालो, हो. म्हणाले, “बंद कर.” आणि उठले. माझं डोकं असं सटकलं की मी दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. आजारी माणसावर चिडायचं नसतं, कळतं मला. पण चिडलो.

लातूरला जायच्या आदल्या दिवशी दुपारी, जीव रमवायला म्हणून, मी वर एसटीच्या एका कंडक्टरचा भाग एडिट करत बसलो होतो. हेडफोन बिघडलेला, म्हणून स्पीकरवर. तेवढ्यात आई धावत वर आली. गुडघे दुखतात तिचे, पण धावत आली. तिच्या हाताला पीठ तसंच होतं.

“आवाज सुटला व्हय रे त्येंचा?” ती म्हणाली. खोलीभर बघत होती. “कुठं हायेत? आत्ता हं म्हणले की!”

“आई, अण्णा खाली झोपलेत.”

“मंग हे कोण?”

मी फाईल पुन्हा लावली. कंडक्टर बोलता बोलता थांबला, आणि “हं...” आईनं स्पीकरकडं बोट केलं.

“ह्येच की रे! लगीन झाल्यापासून ऐकायलेय. मी रोज काय काय बडबडते, निम्म्या झोपेत असत्यात, पर हं चुकत न्हाई त्येंचं.” मग माझ्याकडं बघून म्हणाली, “तुला वळखू आलं न्हाई?”

नाही आलं. कुठून येणार? माझ्या बोलण्याला अण्णांनी कधी हं म्हटलंच नव्हतं.

कंडक्टरचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा अण्णा मोंढ्यात होते. पुकारता येत नव्हतं, तरी दुकानावर जाऊन बसायचे. त्या दुपारी त्यांचा डबा मीच तिकडं देऊन आलो होतो. आणि त्या वेळी त्यांचा आवाज पार बसलेला होता. फाईलमधलं हं मात्र स्वच्छ होतं, भरदार, आजाराच्या आधीचं. मी वेड्यासारखा जुन्या फाईली शोधायला लागलो. पण लॅपटॉप भरला म्हणून कच्चं रेकॉर्डिंग मी दर वेळी उडवत आलो होतो. एकेक हं स्वतःच्या हातानं कापून फेकलेलं. हाताशी राहिलं ते या एका भागातलं, ज्याला अजून कात्री लागली नव्हती. मला रडू आलं, आणि स्वतःचा इतका राग आला की माऊस भिंतीवर फेकला. वाकळ होती म्हणून वाचला.

अण्णांना लगेच ऐकवावं म्हणालो, पण आईनं अडवलं. “आज नगं. आधी नीट होऊन येऊ देत.”

ऑपरेशन झालं. अण्णा घरी आले. मानेला पुढं छिद्र, त्यावर रुमाल, श्वास तिथूनच. तोंडातून आवाज सोडा, साधं हुंकारणंसुद्धा शक्य नाही, असं डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावलं होतं. अण्णांना पाटी आणून दिली. त्यांनी पाटीवरही भांडण चालू ठेवलं. वरणात मीठ कमी झालं की ‘मीठ’ लिहून खाली दोन रेघा!

पुढचं रेकॉर्डिंग मी बरेच दिवस टाळलं. सादिकच मागं लागला. मांजरसुंब्याच्या एका धाब्यावरच्या आचाऱ्याला बोलावलं. आम्ही सुरू करणार इतक्यात जिन्यात पाटीचा खडखडाट झाला. अण्णा. सरळ आत आले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि मला हातानं खूण केली — चालू दे.

आचारी तंदूरचं सांगत होता, मग पहिल्या धाब्याचं, मग तो धाबा रस्ता रुंद करताना पाडला त्याचं. तिथं तो थांबला. मी नुसता अण्णांकडं बघत होतो. ते आचाऱ्याकडं बघत होते. जरा वेळानं आचारी आपणहून पुढं बोलायला लागला.

तो गेल्यावर मी फाईल स्पीकरवर लावली. आचारी थांबला... आणि आलं. “हं...” तेच. भरदार. दोन्ही माईकवर.

सादिक “या अल्ला” म्हणाला. मी नवा हेडफोन जोडून अण्णांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं. बोटानं खूण केली — मागं घे. पुन्हा ऐकलं. मग पाटी घेतली आणि लिहिलं, ‘मी न्हाई.’ खाली दोन रेघा.

“अण्णा, आई पण म्हणती की तुमचंच...”

त्यांनी हातानंच मला गप्प केलं. पाटी पुसली. मग लिहिलं, ‘पुढं लाव.’

संध्याकाळपर्यंत त्यांनी पूर्ण भाग ऐकला. त्या दिवशी त्यांना चप्पल सापडली नाही.

याचा खुलासा माझ्याकडं नाही. पुण्यातल्या ओळखीच्या एका साऊंडवाल्याला फाईल पाठवली, तो म्हणाला, “सोपं आहे, तुमच्या खोलीत तिसरा माणूस बसतो, त्याला बाहेर काढा.” सादिक म्हणतो, विचार करू नको, डोकं फिरेल. अण्णा आजही पाटीवर साफ नाकारतात. आणि ते खोलीत नसले, दवाखान्यात गेले असले, तरी हं येतंच.

परवा एका श्रोत्यानं वैतागून कमेंट केली — ‘दादा, विषय भारी असतात, पण मागून कुणीतरी सारखं हं हं करतंय. डोकं उठतं. एडिट करा ना!’

मी त्याला उत्तर दिलं — जमणार नाही.